केसभर वर

"बाबा, तुम्ही खाली आहात. वर या की जरा!"

संध्याकाळी भांडी घासताना लेक असं म्हणायची आणि हसायची. बापलेक एकच सूर धरायचे, पण ती नेहमी केसभर वर. म्हणून बाबांनी तिचं नाव टिटवी पाडलेलं. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

बाबांची नोकरी आवाजाच्या प्रयोगशाळेत. कोणते दोन सूर जुळतात, कोणते खुपतात, याचं गणित मांडायचं. दोन सूर अगदी जवळ आले, पण एक झाले नाहीत, की एकमेकांना घासतात आणि आवाज पाळण्यासारखा डोलतो. अंतर घटेल तसा डोल संथ. अंतर शून्य, की डोल संपला, खुपणं संपलं. त्या शून्यापायी त्यांनी केस पांढरे केले होते.

एकदा नळाखाली पातेलं धरून ते सहज गुणगुणले. सूर डोलला.

एकट्याचा सूर डोलत नाही. त्यांनी नळ बंद केला, फ्रिज बंद केला, खिडकी लावली. पुन्हा सूर धरला. डोल होताच.

"अगं, ऐकतेस का?"

"मला नाही बाई काही ऐकू येत," बायको म्हणाली. टॉवेलची घातलेली घडी मोडून तिने पुन्हा घातली.

त्यांनी तो सूर मोबाइलवर टिपून सहकाऱ्याला ऐकवला.

"सर, दुसरं कोण गातंय?"

"मी एकटाच आहे."

"मग हा सूर भांडतोय कुणाशी?" तो हसला. मग हेडफोन लावून त्याने पुन्हा ऐकलं.

आपला सूर जरा चढवून-उतरवून, डोलावरून बाबांनी गणित केलं. दुसरा सूर केसभर वर होता.

मग ते रोज गाऊ लागले, आणि डोल रोज संथ होत गेला. ती खाली उतरत होती, त्यांच्याकडे. ज्या शून्याला जन्मभर गोड म्हटलं, त्याच्या धास्तीने आता घास उतरेना. सूर एक झाले, की ती आहे की नाही हे कुठलंच गणित सांगणार नव्हतं. ते मुद्दाम खाली सरकले. तीही सरकली.

"येऊ नकोस गं," ते कळवळून म्हणाले. "तिथेच थांब, बाळा."

आज डोल श्वासाएवढा लांबला.

मग त्याहून लांब.

मग राहिलाच नाही.

उरला एक नितळ, सपाट सूर. ओटा घट्ट धरून ते पाठमोरे उभे राहिले. बायको दारात आली.

"मलाही ऐकू यायचं हो," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. बोलले असते तर तुम्हाला रडू फुटलं असतं, गाणं थांबलं असतं, आणि ती गेली असती. आता मात्र थांबू नका. गात राहा."

सूर तसाच घुमत होता. त्यांचे ओठ केव्हाच मिटलेले होते.