संघरत्नाचा काना

मला सगळं नीट आठवतंय, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पाकीट पांढरं होतं, एवढं नक्की, कारण ते अजून माझ्या कपाटात आहे. बाकीच्याबद्दल… जन्मभर इतिहास शिकवला, त्यातच डॉक्टरेट केली, आणि मुलांना सांगत आलो की साक्षीदाराच्या स्मरणावर एकदम विसंबू नका. आज साक्षीदार मीच आहे.

दीक्षा, तुझा पासपोर्टचा अर्ज मी तीनदा का वाचला, म्हणून दुपारी हसत होतीस ना? लाईट येईपर्यंत सांगतो.

“आजोबा, भुताचं असेल तर आधीच सांगा,” ओमकार म्हणाला. “हिला हात धरून जिना उतरवावा लागेल.”

“गप रे. परवा मांजराला बघून कोण ओरडलं होतं?”

ऐका. माझे मित्र होते, माधव सर. माझ्याहून बरेच लहान. मी निवृत्त झाल्यावरही शाळेत मदतीला जायचो, दाखले लिहून द्यायचो. दोन हजार अठराच्या डिसेंबरात माधव नववीच्या मुलांना श्रीलंकेला घेऊन गेला. अनुराधापूरचे स्तूप, जुने विहार, आणि तो बोधिवृक्ष. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा त्याची फांदी घेऊन समुद्रापार गेली, हा धडा त्यानं वर्गात इतका रंगवला होता की एक मुलगी म्हणाली, “सर, माझं नाव पण जवळपास तेच हाय. मी यायलाच पायजे.”

ती संघरत्ना. इथंच भिवंडीत, नारपोलीच्या चाळीत राहायची. वडील यादव, कापडाच्या लूमवर रात्रपाळीला.

तिचा पासपोर्ट झाला नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘संघरत्न’, जन्मदाखल्यावर ‘संघरत्ना’. एका कान्याचा फरक. पण त्यानं दाखला मुलाचा झाला, अर्ज मुलीचा. कागद परत आले. आम्ही यादवला सांगितलं, तुमच्याच जन्मदाखल्यात चूक असणार, दुरुस्त करून आणा. तो पाळी संपवून न झोपता चकरा मारत राहिला. तारीख निघून गेली.

निघायच्या दिवशी ती बसपाशी आली. रडली नाही. म्हणाली, “सर, मला त्या झाडाचं एक पान आणा. खाली पडलेलं. तोडून नको.”

“आणतो,” माधव म्हणाला.

ते लोक बावीस तारखेला अनुराधापूरला पोचले. पौर्णिमा होती. संघमित्रा तिथं आली तो दिवस याच पौर्णिमेला पाळतात. पांढऱ्या कपड्यांतली अफाट गर्दी. पान पडलं की दहा हात पुढं यायचे. माधव मुलं मोजण्यात गुंतला आणि पान राहून गेलं.

त्याच संध्याकाळी इथं संघरत्ना गेली. ताप होता, चार दिवसांचा. मला कळलं होतं. मी माधवला फोन केला नाही. परक्या देशात, अंगावर एवढी मुलं… आल्यावर सांगू, म्हटलं.

आता माधवनं मला सांगितलं तसं सांगतो.

सव्वीस डिसेंबर, बुधवार. दुपारी तो कामतघरला आपल्या घरी पोचला आणि झोपून गेला. संध्याकाळी बॅग उपसताना पान आठवलं. तळ्याकाठी एक पिंपळ आहे. खाली पडलेली पानं चिखलात तुडवलेली होती, म्हणून त्यानं फांदीवरचं एक चांगलंसं तोडलं. पांढऱ्या पाकिटात घातलं. वर नाव लिहिलं. रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी नारपोलीकडं चालत निघाला. पाच मिनिटांचं काम, देऊन यायचं.

अर्ध्या वाटेत लाईट गेली.

भिवंडीत लाईट गेली की आधी डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. हजारो लूम एकदम थांबतात. मग स्वतःचीच चप्पल ऐकू येते.

माधवला दोन जोड्या ऐकू आल्या.

“सर, आणलं काय?”

संघरत्ना. त्याच्या उजव्या बाजूला, एक पाऊल मागं. तोंड अंधारात.

“अगं, एवढ्या रात्री तू बाहेर?”

“घरी सगळी जागीच हायत.”

त्यानं पाकीट पुढं केलं. तिनं घेतलं. बोटं गार होती… थंडीचे दिवस होते, त्याला काही वाटलं नाही.

“तिथलंच हाय ना, सर?”

“…तिथलंच.”

“खाली पडलेलं?”

“हो.”

ती चालत राहिली.

मग अगदी हळू…

“सर, माझं नाव चुकलंय.”

लूम सुरू झाले. दिवे आले.

रस्ता रिकामा.

माधव पळत चाळीत पोचला. दार उघडंच होतं. बुद्धाच्या तसबिरीखाली तिचा फोटो, त्यापुढं मेणबत्ती. आई, कौसल्या, भिंतीला टेकून बसलेली. यादव उठला.

“सर, तुम्हाला कुणी सांगितलं नाय?”

माधव उंबऱ्यातच बसला.

“कागद आमचाच चुकला, सर,” यादव म्हणाला. “नायतर ती तिकडं असती. ह्या तापानं तिला गाठलंच नसतं. बापाला नाव नीट लावता आलं नाय.”



दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडं आला. पाकीट त्याच्याच खिशात सापडलं होतं. आत पान नव्हतं. वर त्यानं निळ्या शाईनं लिहिलेलं नाव होतं, ‘संघरत्न’. दाखल्यावरचं पाहून हाताला तीच सवय लागलेली, काना राहिलेला.

आता तिथं काना होता. पांढरा. मी बोट लावलं. चिकट होतं. पिंपळाचं पान तोडल्यावर देठातून येतो तो चीक.

“सरांनीच मुद्दाम काढला असेल तो काना,” ओमकार म्हणाला, पण आवाज बारीक होता.

असेल. मीही तसंच समजत आलो.

माधव गेला त्याला तीन वर्षं झाली. मरेपर्यंत तो म्हणत होता, दाखला मीच लिहिला असेन. मी म्हणायचो, असेल बाबा, दाखले आपण दोघंही लिहायचो, कोणाला आठवतंय?

मागच्या जूनमध्ये मी शाळेत गेलो. जुनं जनरल रजिस्टर काढायला लावलं. पहिलीच्या प्रवेशापासून नाव बरोबर होतं, ‘संघरत्ना’, काना ठसठशीत. यादवचा कागदही बरोबरच होता. मग दाखल्याची स्थळप्रत, शाळेत ठेवलेली नक्कल, पाहिली. तिच्यावर काना नव्हता.

अक्षर माधवचं नव्हतं. माझं होतं.