विमलाकाकीचा टीव्ही कोणी पाडला?

टीव्ही भिंतीचा तुकडा घेऊन कोसळला तो काकीच्या सुनेच्या, पूजाच्या बाळाच्या पाळण्यापासून वीतभर लांब. बाळ वाचलं. लवू गवंड्याचं नाव मात्र मेलं.

"तुझी भिंत फुसकी रे, लवू!" विमलाकाकी फोनवर कडाडली. "माझ्या नातवावर बेतला!"

लवूने हातातलं काम टाकून स्कूटर हाणली. काकीचं जांभ्या चिऱ्याचं घर चार वर्षांपूर्वी त्यानेच बांधलेलं. आपलंच चुकलं असलं तर? एकदा का भिंत पडल्याची बोंब झाली, की मालवणात त्या गवंड्याला कोणी कुत्र्याचं खोपटंही बांधायला देत नाही.

पोचला, तर भिंतीतलं भगदाड गायब! टीव्ही बसवणारा सर्वेश तिथे ओलं सिमेंट थापत होता.

"माका न विचारता कित्याक बुजवलस?"

"मदत केलंय, लवूदा. तुमचीच लाज झाकलंय."

लवूच्या मस्तकात तिडीक गेली. दोन दिवसांच्या शिकवणीवर ड्रिल मिरवणारी ही जमात, आणि लाज म्हणे आमची! पण तो ओरडला नाही.

"बोल्ट केवढे मारलस?"

"चार इंची." सर्वेशने खिशातून बोल्ट काढले. "हे बघा, भिंतीतसून उपटान इले. चिरोच कुजको तुमचो."

लवूने ते उजेडात धरले. चकचकीत होते.

"भोकां पाडताना पूड पडली आसतली?"

"मीच झाडून काढलंय. विचारा काकीक."

"व्हय तर," काकी म्हणाली. "चुलीतल्या राखेसारखी पूड. मूठभर पण नाय."

लवूने थापी उचलली आणि ओलं सिमेंट खरवडायला घेतलं. सर्वेश धावला.

"लवूदा, रवा!"

"तूच रव थंय!"

सिमेंट गळून पडलं. आत तांबडा, धडधाकट चिरा. त्याला एकही भोक नव्हतं.

"बघा, काकी," लवू म्हणाला. "चिऱ्यात ड्रिल शिरला तर पूड तांबडी पडता. तुमका राख दिसली, म्हणजे ह्यो वरच्या गिलाव्यातच थांबलो. दीड इंचाच्या गिलाव्यात आखूड स्क्रू मारल्यान आणि टीव्ही टांगल्यान! हे बोल्ट चिऱ्यातून इले म्हणता. मग आट्यांक तांबडो कण खंय आसा? कोरे बोल्ट हाडल्यान, स्क्रू लपवल्यान, आणि चिरो कोणाक दिसाक नको म्हणान सिमेंट फासल्यान."

सर्वेश दाराकडे सरकला. "ड्रिलाचां लांब पातां मोडला होता, लवूदा. नवीन हाडूक येळ नाय गावलो..."

"त्या मोडक्या पात्यान किती घरां केलस?"

सर्वेश आपली हत्यारं गोळा करू लागला.

"बोल!" पूजा किंचाळली. बाळ तिने छातीशी आवळून धरलं होतं.

"सतरा."

त्यातली नऊ लवूने बांधलेली. लवूने सर्वेशचं मानगूट धरलं आणि त्याला दाराबाहेर काढलं.

"आणि माझी भिंत रे?" काकीने मागून विचारलं.

"तुमची पडान झाली, काकी. बाकीच्यांची पडाची आसा. चल रे, पयल्या घराक! टीव्ही तूच उतरवतलस, आणि कित्याक उतरवतस ता पण तूच तोंडान सांगतलस."