लुगड्याआडचा मोगरा

वालाच्या वेलाला कुंपणाबाहेरून कोणीतरी हिसका दिला, आणि माझ्या हातातली कढई मोरीत पडली.

होळी होऊन चार दिवस झाले होते. सकाळचे सहा वाजत होते. बा अजून घोरत होता, माय आत खोकत होती, आणि मी परसात बसून राखेनं भांडी घासत होते. इतक्या सकाळी कुंपणाला हात लावणारा माणूस कोण असेल... माझ्या मनात आले ते सगळे चोरच होते. माझा स्वभावच तसा. गल्लीत तारवाला दिसला की मी आधी रडून घ्यायचे. तार नेहमी दुसऱ्या घरची निघायची.

“कोन हाय?” मी कढई उचलून विचारलं.

“नळाचा चावीवाला. वाल्व्हचं झाकन तुमच्या वेलाखाली हाय, बाई.”

“वेल सोडा. शेवटच्या शेंगा हायेत त्याले.”

“झाकन उघडलं नाही तं अख्ख्या फ्रेजरपुऱ्याले पानी नाही. लोकायले काय सांगू, शेंगा प्या म्हनून?”

मी उठून पाहिलं. खाकी सदरा, खांद्यावर छातीएवढी लांब लोखंडी चावी, आणि तोंडावर वेल तोडणाऱ्याला शोभणार नाही असं हसू. आमच्या गल्लीचा जुना चावीवाला मोतीराम वेल अलगद बाजूला सारून झाकण उघडायचा. ते मी याला सांगितलं.

“मोतीरामले दुसरी लाईन देली. मी उन्हाळ्यापुरता हाय, मृगापर्यंत. श्रावण नाव माझं.”

“श्रावन अन् फागुनात कसा काय आला?”

बोलून गेले, आणि मग गल्लीत कोणी आहे का ते पाहून घेतलं. परक्या माणसाशी थट्टा! शेजारच्या तानुबाईनं ऐकलं असतं, तर दुपारपर्यंत ती कचेरीत बाच्या टेबलापर्यंत पोचली असती. श्रावण मात्र हसत हसत वेल उचलून झाकणाशी वाकला. चावी फिरवून उभा राहिला, तेव्हा त्याची नजर माझ्यावर नव्हती. तो माझ्या मागच्या मोगऱ्याकडे पाहत होता.

“आठ झाडं,” तो म्हणाला. “अन् फूल एक बी देत नसतीन.”

मला राग आला. त्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण ते खरं होतं.

हा मोगरा मायचा. छप्पन साली आमचं सगळं घर दीक्षेला नागपूरला गेलं होतं. परतताना मायनं कुणाच्या तरी अंगणातली एक काडी मागून घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. त्या एका काडीची आठ झाडं झाली. दर वैशाखी पुनवेला विहारात पहिली ओंजळ आमच्या घरची असायची. मग दोन वर्षांमागं मायला मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण पायांतलं बळ घेऊन गेला. तेव्हापासून ती मागच्या दारासमोर बाजेवर पडून असायची, आणि घर माझ्याकडे आलं: बाचा डबा, मायचं अंग पुसणं, दळण, सरपण आणि परसातली वांगी, पालक, कोथिंबीर. तेव्हापासूनच मोगरा फुलायचा थांबला होता.

माय म्हणायची, “औंदाच्या पुनवेले फूल नाही आलं, तं पुढच्या पुनवेले मी नाही.”

बा चिडायचा. “धम्म घेतला अन् शकुन पाहत बसली.”

“शकुन नाही पाहून राहिली. अंदाज सांगून राहिली.”

मायचे अंदाज चुकत नसत. पापड किती होतील, पाहुणे किती दिवस राहतील, तानुबाईची कोणती सून कधी वेगळी निघेल, सगळं ती बाजेवरून सांगायची. म्हणून ते वाक्य माझ्या छातीत काट्यासारखं बसलं होतं. मी मोगऱ्याला पाणी घाल घाल घालत होते.

“पानी किती देता?” श्रावणनं विचारलं.

आजाऱ्याच्या घरात पाणी फार सांडतं. चादरी, चिंध्या, अंग पुसलेलं, भांड्यांचं... सगळी मोरी मोगऱ्याला जायची. वर दोन बादल्या मी माझ्या हातानं.

“मंग कावून फुलन तो? झाड चैनीत हाय. आमी शेंदूरजनाघाटचे. संत्र्याच्या बागीत लहानाचा मोठा झालो. झाडाले ताण द्या लागते. वीस दिवस पानी बंद. पानं गळतेत, झाड मेल्यावानी दिसते. मंग एका दिवशी पोटभर पाजाचं. असा बहार येते का डोये फिरतेत.”

“अन् खरंच मेलं तं?”

“तं मले शिव्या द्या. रोज सहाले मी इथीच सापडतो.”

अख्ख्या पेठेला पाणी सोडणारा माणूस मला पाणी तोडायला सांगत होता. तीन दिवस मी विचार केला. चौथ्या दिवशी मोरीची वाट वांग्यांकडे वळवली. कुंपणावरून हात घालून त्यानं मातीचा बांध थापून दिला. त्याचा हात माझ्या हातापासून चार बोटांवर होता. बोटं मी मोजली, म्हणून सांगते.

आता मायपासून ते लपवायचं कसं? बाजेवरून तिला मोगराच दिसायचा. मी मध्ये दोरी बांधली आणि तिचं हिरवं लुगडं पसरून वाळत घातलं.

पाणी तोडल्यापासून पाचव्या दिवशी पानं पिवळी पडली. आठव्या दिवशी गळायला लागली. लुगडं दोरीवर होतंच.

“फुले,” माय आतून म्हणाली, “रोज काय लुगडे धुतं वो?”

“तुहंच हाय माय. डाग जाऊन नाही राहिला.”

माय नुसती ‘हं’ म्हणाली. तिचं ‘हं’ मला नेहमी महाग पडायचं.

तानुबाईला तर कुंपणावरून सगळं दिसत होतं. “मायचा मोगरा मारून राहिली ही पोरगी,” ती गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. “चावीवाला बी आजकाल झाकनापाशी लय येळ बसते बाप्पा. झाकन हाय का देऊळ?”

ते ऐकून मी दोन दिवस श्रावणशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “भांडन झालं काय आपलं? मले सांगतलं बी नाही.”

“लोकं पाहून राहिले.”

“लोकं नळ पाहून राहिले. पानी येऊन राहिलं ना, मंग झालं.” चावी खांद्यावर घेत तो म्हणाला, “मी... मीच फक्त मोगरा पाहून राहिलो.”

तो मोगऱ्याकडे पाहत नव्हता.

बाराव्या दिवशी मायला ताप भरला. रात्रभर... नाही, रात्रीचं मला सांगायचंच नाही. सकाळी तिचं कपाळ पुसून मी परसात आले, तर आठही झाडं नुसत्या काड्या झालेल्या. मला वाटलं, मी माझ्या हातानं मायला मारते आहे. एका परक्या माणसाच्या हसण्यावर भाळून. मी बादली उचलली आणि अलीकडच्या चार झाडांना घातली. पाचव्याशी गेले तेव्हा बादली रिकामी होती, आणि कुंपणापलीकडे तो उभा होता.

ओली माती त्यानं पाहिली. रागावला असता तर बरं झालं असतं.

“माय बरी नाही,” मी म्हटलं.

“पयले तिचं पाहा. झाडाचं पाहू मंग.” त्यानं खिशातून दोन संत्री काढून कुंपणाच्या खांबावर ठेवली. “रस द्या. माझ्या गावची हायेत. एवढ्यावर तं भरोसा ठेवा.”

दुपारी ताप उतरला. रसानं उतरला की आपोआप, मला माहीत नाही. साली मात्र मी फेकल्या नाहीत.

विसाव्या दिवशी सकाळी सहाला कुंपणाशी मोतीराम आला.

“श्रावन कुठी हाय?” मी कुंपणाशी जाऊन विचारलं.

“गावाले गेला. घरून बलावनं आलं. पोरगी पाहाची असन, दुसरं काय असते या वयात?” मोतीरामानं वेल अलगद बाजूला सारला. मला तो वेल तोडावासा वाटला.

पाणी कधी द्यायचं ते तो सांगणार होता. तो नव्हता. सांगितलं नाही म्हणून थांबू, की... मी दाराजवळच्या भिंतीवर रोज एक ओढलेल्या कोळशाच्या रेघा मोजल्या. वीस. दोनदा मोजल्या. मग नळाचं सगळं पाणी, मोरीचं सगळं पाणी, पिण्याच्या रांजणातलंसुद्धा अर्धं, आठही झाडांना घातलं. कंबर मोडेपर्यंत बादल्या वाहिल्या. रडतही होते, तेवढं पाणी जास्तीचं.

तो आला तो चोविसाव्या दिवशी. मी मान वर केली नाही.

“पानी कोनं सांगतलं द्याले?”

“मोजता येते मले.”

“बरोब्बर दिवशी देलं,” तो माती चाचपून म्हणाला. “एक दिवस बी इकडे-तिकडे नाही.”

“पोरगी पाहाले गेल्ते म्हनतेत.”

“कोन म्हनते?”

“पाहाली का नाही?”

“फूल आलं म्हनजे सांगतो.”

“अन् नाही आलं तं?”

“तं सांगाले तोंडच राहनार नाही मले.”

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. बाचा डबा एकदा बिनमिठाचा गेला, एकदा रिकामाच गेला. अकोल्याहून एका स्थळाची चिठ्ठी आली. बानं ती कंदिलाच्या खिळ्याला टोचून ठेवली आणि म्हणाला, पुनव झाली की पाहू. पुनवेला काय काय होणार होतं, त्याची यादी रोज वाढत होती. काड्यांना पोपटी कोंब आले. कोंबांची पानं झाली. लुगडं मी काढलं नाही. मायनं नुसती पानं पाहिली असती तर पुन्हा तोच अंदाज सांगितला असता.

पुनवेच्या पाच दिवस आधी मी भांडी घेऊन परसात गेले, आणि वास आला.

पलीकडच्या चार झाडांवर पांढरंच पांढरं होतं. अलीकडच्या चारांवर पानं. हिरवीगार, लठ्ठ, बिनकामाची पानं.

मी वाकून फुलं मोजत होते. अकरा, बारा... कुंपणापलीकडे चावी जमिनीला टेकल्याचा आवाज झाला.

“हे चार भरोशाचे,” श्रावण म्हणाला. “अन् हे चार भीतीचे.”

“मले माहीत हाय कोनते कोनाचे. तुमी गावाचं सांगा.”

त्यानं घसा साफ केला. वाल्व्ह उघडायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.

“पोरगी पाहाचीच होती. नाही पाहाली. मायले सांगतलं, का अमरावतीले एक हाय... भित्री हाय. पण विसाव्या दिवशी ते पानी देते का नाही पाहून येतो, मंग बोलू.”

“मंग?”

“मंग आलो, तं माती ओली.”

“मी मायले सोडून कुठीच येनार नाही,” मी म्हटलं. “आधीच सांगून ठेवते. अन् तुमची नोकरी तं मृगापर्यंत.”

“नोकरी मृगापर्यंत हाय. मंग दुसरी पाहू. झाकन इथीच राहनार हाय, मी बी आसपास राहीन.” तो अलीकडच्या झाडांकडे पाहत म्हणाला, “या चार जनायले पुढच्या साली ताण द्या लागते. एकटीनं नका देऊ. तुमचा हात थरथरते.”

“मंग कोनासंग देऊ?”

“आता ते बी मीच सांगू?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि लुगड्यापलीकडून खोकला आला. मायचा. नुसता खोकला नव्हे. बोलायच्या आधी ती काढायची तो.

“फुले.”

श्रावणच्या हातातली चावी निसटता निसटता राहिली.

“ते लुगडं उचल वो आता,” माय म्हणाली. “तुले वाटलं मले काही दिसत नाही. लुगडं गुडघ्यापावतरच येते ना. खालून सारं दिसते. झाडाचे बुंधे दिसत होते, गळलेली पानं दिसत होती, अन् कुंपनापल्याड दोन पाय दिसत होते. पयले दिवशी घडीभर उभे राहाले. मंग रोज जरा जास्त. तुह्या त्या चार दिवसांत नव्हते, तं माह्या बी जिवाले घोर लागला.”

“माय, मोगरा...”

“मोगऱ्याचा वास घरात आला कवाचाच. मी मेली नाही, अन् आता इतक्यात मरत बी नाही. अकोल्याच्या चिठ्ठीचं तुह्या बाले मी सांगीन.” ती थांबली, दम घेतला. “दीड महिना झाला, नुसते पाय पाहून राहिली मी या पोराचे. तोंड तं पाहू दे.”

गल्लीत तानुबाईचा आवाज चढला होता, आज नळ कावून नाही आला म्हणून. श्रावण हलला नाही. मी दोरीजवळ गेले. एक टोक सोडवलं. मी लुगडं ओढलं.

माय बाजेवर कोपरावर उठली होती. आधी तिनं मोगरा पाहिला, चार इकडचे, चार तिकडचे. मग कुंपणापलीकडे पाहिलं, खालून वरपर्यंत, सावकाश.

“बरा हाय,” ती म्हणाली. “पायावरून वाटला त्याच्याहून बरा हाय. आता आधी पानी सोड बाप्पा, मंग घरात ये.”