टाकीतलं पाणी वाढलं कसं?

"तेवीसशे!" ज्योत्स्नाने पाण्यातले क्षार मोजायचा मीटर झटकला, ओढणीला पुसला आणि पुन्हा पाण्यात बुडवला. "अजहर, पुन्हा तेवीसशेच!"

"मीटर पागल झालं असन!"

"मीटर नाही पागल झालं. झाडंच मरून राहिली!"

अकोल्यातला मे महिना. सकाळीच गच्ची अशी तापलेली, की शेजारचा अजहर आणि त्याची धाकटी बहीण तुबा चपला घालूनही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. हिरव्या जाळीच्या सावलीत पांढऱ्या पाइपांची उतरंड होती, पाइपांना भोकं होती आणि प्रत्येक भोकातून पालक आणि लेट्यूस डोकं वर काढून उभे होते. माती नावालाही नव्हती. खाली झाकणाची निळी टाकी, टाकीत खतं विरघळवलेलं पाणी आणि ते पाणी पाइपांतून फिरवणारा एवढासा पंप, एवढाच काय तो मळा. पण आज पानांच्या कडा तव्यावर राहिलेल्या पोळीसारख्या करपल्या होत्या.

हा मळा ज्योत्स्नाच्या आईचा, शकुनचा. ती नर्स होती आणि दिवाळीनंतर तिची बदली मेळघाटात, सेमाडोहला झाली. बाबा तर आधीपासूनच सुरतेला नोकरीला. सुट्टी लागली तशा वर्गातल्या मैत्रिणीही पांगल्या. घरात उरले तिघं : ज्योत्स्ना, आबा आणि कूलर. तिघांत सर्वांत जास्त बोलायचा तो कूलर!

सेमाडोहला फोन लागला तर लागला. लागला की आई विचारायची, "कशी आहेस?" ज्योत्स्ना म्हणायची, "बरी आहे." पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचायचं नाही. मग ज्योत्स्ना पानांचे फोटो पाठवायची आणि आई एकदम बोलती व्हायची. जाताना तिने नियमही सांगून ठेवला होता, "मीटरचा आकडा हजारच्या आसपास राहू दे. कमी झाला तर झाडांना खाऊ घाल, जास्त झाला तर साधं गोडं पाणी पाज." तेरा वर्षांच्या ज्योत्स्नाला आईशी जोडून ठेवणारी ही एवढीच दोरी होती, आणि ती आता करपत चालली होती.

"मी अर्धं पाणी काढून गोडं पाणी भरते," ती म्हणाली. "आकडा उतरते. आन् दोन-चार दिवसांत पुन्हा चढते!"

"खताची बाटली?" तुबाने विचारलं.

"हात नाही लावला मी!"

जिन्यावर पावलं वाजली. आबा, म्हणजे आईचे वडील जानराव, वर आले. त्यांनी पानं पाहिली आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"या पोट्ट्यांनीच काही टाकलं असन! परवा हाच इचारत होता ना, दोन झाकणं जास्त टाकली तर झाडं दुपटीनं वाढतीन का म्हणून?"

"आबाजी, मी नुसतं इचारलं होतं!" अजहर कळवळला.

"नुसतं-बिसतं काही नाही! आजपासून वरते कोणी यायचं नाही. आन् ज्योत्स्ना, रविवारपर्यंत पानं सुधरली नाही, तर हे सारे पाइप उपटून भंगारात देतो. असं रोज थोडं थोडं मरतानी मले पाहवत नाही."

अजहर-तुबा मुकाट्याने जिना उतरली. ज्योत्स्ना एकटीच उभी राहिली. खाली पंप गुरगुरत होता. त्या दिवशी तिने आईला फोटो पाठवला नाही. आईचा निरोप आला, "आज पानं कुठे गेली?" तिने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गच्चीवरून "शुक् शुक्" ऐकू आलं. दोन्ही गच्च्यांच्या मधे फक्त कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीवर दोन हनुवट्या टेकल्या होत्या.

"तुमाले यायची बंदी आहे!" ज्योत्स्ना कुजबुजली.

"तुमच्या छतावर यायची!" अजहर म्हणाला. "आमच्या छतावर उभं राहायची नाही! कायदा म्हणजे कायदा!"

ज्योत्स्नाला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. तुबाने ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. अकरा वर्षांच्या मानाने ती फार शहाणी होती.

"टाकी पूर्ण रिकामी कर," ती म्हणाली. "नवं पाणी भर आन् पाण्याच्या पातळीवर एक रेघ मार. मग पाहू, काय होते ते."

"नवं पाणी कुठून आणू? नळ यायले अजून वेळ आहे. पिण्यापुरतंच उरलं घरात."

त्यावर दोन हनुवट्या खाली गेल्या. थोड्या वेळाने भिंतीवरून एक बादली अलीकडे आली, मग दुसरी, मग तिसरी. अकोल्यात उन्हाळ्यात गोडं पाणी कोण कोणाला देतं! या भागात बोअरचं पाणी खारं, आणि नळ आठवड्यातून कधी येईल तेव्हा येईल.

"अम्मीले इचारून आणलं," तुबा म्हणाली. "ती म्हणे, झाडं बी पाहुणेच असतात."

ज्योत्स्नाने टाकी घासली, नवं पाणी भरलं. पहिल्या बाटलीतलं खत टाकून चांगलं ढवळलं, मगच दुसऱ्या बाटलीतलं टाकलं, कारण दोन्ही खतं एकदम एकत्र केली तर गाळ बसतो. मीटर म्हणाला, हजार! तिने तुबाच्या लाल नेलपॉलिशने टाकीच्या आतून पातळीची रेघ मारली.

पुढच्या सकाळी ती झाकण उघडते तो काय! लाल रेघ दोन बोटं पाण्याखाली होती!

"वाढलं?" अजहर भिंतीवर जवळजवळ आडवाच झाला. "अकोल्याच्या उन्हाळ्यात पाणी वाढलं? अगं, इथं तर माणूसही वाळून जाते!"

"आन् आकडा तेराशे!"

ज्योत्स्ना बोटांवर मोजत म्हणाली, "थांबा. पाणी उडालं असतं, तर रेघ वर उघडी पडली असती. कोणी गोडं पाणी टाकलं असतं, तर आकडा उतरला असता. इथं तर दोन्ही चढले!"

"म्हणजे कोणीतरी खारं पाणी टाकून राहिलं!" अजहर ओरडला.

"बोअरचं?"

ज्योत्स्ना धावत जाऊन बोअरच्या नळाखाली पेला धरून आली. मीटर म्हणाला, बाराशे.

"याच्यानं एका रात्रीत इतकं नाही चढणार," तुबाने मान हलवली. "याच्याहून लय खारं काहीतरी आहे. आमी वरतेच झोपतो ना, पहाटे मी लक्ष ठेवीन. काही दिसलं की मिस कॉल देतो. फोन उशाशी ठेवजो!"

पहाटे उशाशी फोन थरथरला. ज्योत्स्नाने डोळे उघडले. आबांची खाट रिकामी होती. कूलर बंद होता आणि त्याच्या तळाचं बूच काढलेलं होतं. ती अनवाणीच जिना चढून गेली आणि वरच्या दाराशी थांबली.

टाकीजवळ आबा वाकून उभे होते. बादलीतलं पाणी ते फडक्यातून गाळून, धार न सांडू देता, हळूहळू टाकीत ओतत होते. फडक्यात कूलरच्या जाळीत बसवलेल्या ताटीतलं गवत अडकत होतं.

"पी माय, पी," ते पालकाच्या रोपाला सांगत होते. "शकुन नाही तं काय झालं? म्हातारा आहे ना. रोज पाजते तुमाले, उपाशी नाही ठेवत."

भिंतीपलीकडून तुबा कुजबुजली, "कूलरचं पाणी! ज्योत्स्ना, तेच! आमच्या ताटीवर पांढरा खार बसते, मीच खरवडते. हवा रातभर पाणी उडवते आन् खार खालीच राहते!"

गुन्हेगार सापडला! आता खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. अजहर-तुबा सुटली, पाइप वाचणार, कोडं सुटलं. पण ज्योत्स्नाला उडी मारावीशी वाटेना. या घरात आपण एकटेच एकटे आहोत असं ती इतके दिवस समजत होती. आबा कोणाशी बोलतात, याचा तिने कधी विचारच केला नव्हता.

तरी सांगणं भाग होतं. ती पुढे झाली.

"आबा, हा मीटर धरा. बादलीत बुडवा."

आबा दचकले. चोरी पकडली गेल्यासारखे बादली मागे लपवू लागले, पण बादली काय लपते! शेवटी त्यांनी मीटर बुडवला. अंधुक उजेडात आकडा चमकला.

"एकतीसशे," त्यांनी वाचलं. "म्हणजे?"

"म्हणजे रात्रभर कूलर बोअरचं पाणी पेते आन् त्यातलं मीठ मागे ठेवते. झाडंही तसंच करतात. पाणी भराभर पितात, खत हळूहळू खातात. म्हणून टाकीत फक्त गोडं पाणी वाढवायचं असते. आईनं सांगितलं होतं मले."

आबा टाकीच्या कडेवर टेकले.

"मले वाटलं, पाणी वाया काहून घालवावं? कूलरची बादली रोज मोरीत जाते, त्यापेक्षा शकुनच्या झाडाइले जाऊ दे." त्यांनी एका करपलेल्या पानावरून बोट फिरवलं. "आन् मीच तिची झाडं मारून राहिलो होतो."

"पण मले काहून नाही सांगितलं?"

"तू कुठं बोलते माह्याशी? दिवसभर एकतर वरते, नाहीतर फोनमंदी."

"तुमी बी कुठं बोलता!"

पलीकडे अजहरला नेमकी तेव्हाच शिंक आली.

आबा उठले आणि भिंतीपाशी गेले. "या पोट्टेहो, इकडे या. मी तुमच्यावर उगाच आळ घेतला. चूक माही होती. माफ करा म्हाताऱ्याले."

"माफी नको, आबाजी! बंदी उठवा!" म्हणेपर्यंत अजहर भिंतीवरून अलीकडे आलाही होता.

मग काय विचारता! खारं पाणी जिना धुवायला गेलं. टाकी पुन्हा घासली, करपलेली पानं कात्रीने काढली. अजहर-तुबाच्या अम्मीने चार बादल्या वर पाठवल्या आणि आबांनी पिण्याच्या माठातलंसुद्धा पाणी आणून ओतलं. "आज मी ताकावर भागवीन!" ते म्हणाले. मीटर मात्र त्यांनी दिवसभर कोणाच्या हातात दिला नाही. रविवारी पालकाच्या पोटातून बोटभर नवी पानं वर आली, कडांपर्यंत हिरवीगार! भंगाराचं नावही कोणी काढलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन लागला. आबांनी स्वतःच सगळा गुन्हा कबूल करून टाकला, तोही स्पीकरवर!

आई आधी खूप हसली. मग म्हणाली, "ज्योत्स्ना, मी असते तरी मला हे इतक्या लवकर उमगलं नसतं गं. शाब्बास! आणि अजहर, तुबा, तुम्ही दोघं नसता तर माझा मळा गेला असता. सुट्टी मंजूर झाली की मी..."

रेंज गेली. "मी येते" म्हणायचं होतं की "मी कळवते", कोण जाणे. चौघं बराच वेळ फोनकडे पाहत उभी राहिली, पण तो पुन्हा वाजला नाही. अंधार पडला तशी अजहर-तुबा भिंत ओलांडून आपल्या घरी गेली.

आबा जिन्याशी घुटमळले.

"ज्योत्स्ना, उद्या पहाटे मले उठवशीन का?"

"मी? आबा, तुमी तर माह्या आधी उठता!"

"उठतो गं," आबा म्हणाले. "पण एकट्यानं वरते यावंसं नाही वाटत आता."

ज्योत्स्नाने खाली जाऊन आपली खाट ओढत आबांच्या खाटेला लावली.