खाडीकाठचं हसू

स्मृतिपडताळणी प्रयोगशाळेत डॉ. इरावती सबनीस दोन विद्यार्थ्यांना माहितीपटाची आखणी शिकवत होत्या. रेवा आणि तन्वीर यांना कारखान्याशेजारच्या खाडीतल्या मेलेल्या माशांवर छोटा माहितीपट करायचा होता.

“आधी प्रश्न ठरवा, कॅमेरा नंतर,” इरावती म्हणाल्या. “आणि सत्यमुद्रा मिळाल्याशिवाय तुमची फिल्म कुठेही दाखवता येणार नाही.”

“मुद्रा देतं कोण, मॅडम?” तन्वीरने विचारले.

“माणसाची आठवण. हल्ली यंत्र कसलंही दृश्य बनवतं. म्हणून चित्रीकरणाला हजर असलेल्यांच्या कपाळाला स्मृतिपट्टी लावतात आणि त्यांना दृश्य दाखवतात. आठवणीशी जुळलं तर हिरवा दिवा. नाहीतर लाल, म्हणजे बनावट. हजर असलेल्या सगळ्यांचाच लाल लागला, तर यंत्र ते चित्रण पुसूनच टाकतं.”

चित्रीकरणाला इरावतीही गेल्या. खाडीकाठी गिरजाबाई कोळीण बोलता बोलता रडल्या. शेजारी कारखान्याचे व्यवस्थापक बेहेरे मान खाली घालून उभे होते. नंतर कार्यालयात नातीचा फोन आला, तेव्हा ते कॅमेऱ्यासमोरच मनापासून हसले. रेवाने ते हसू गिरजाबाईंच्या रडण्याला जोडले.

“असं झालं नव्हतं,” तन्वीर म्हणाला.

“मान खाली घातलेल्या माणसाचा कुणाला राग येणार? मासे मेलेत, तन्वीर!”

“भांडू नका. दोघं पट्टी लावून बघा,” इरावती म्हणाल्या. दिवा लाल लागला.

तो तुकडा शेवटी काढायचा, असे ठरले. दरम्यान आवाज सुधारताना, लांबी कमी करताना सगळ्यांनी माहितीपट पुन्हा पुन्हा पाहिला. गिरजाबाईंनाही बोलावून दाखवला. पाठवायच्या दिवशी इरावतींनी सर्वांना पट्ट्या लावल्या. हिरवा!

“काढलास ना गं तो तुकडा?” त्यांनी रेवाला विचारले.

“नाही, मॅडम.”

“कुठला तुकडा?” तन्वीरने विचारले.

इरावती अस्वस्थ झाल्या, पण मुलांचे उजळलेले चेहरे पाहून त्यांनी माहितीपट पाठवून दिला. माहितीपट घरोघरी पोहोचला. बेहेऱ्यांचे हसू बातम्यांत दिवसभर फिरू लागले. लोकांनी त्यांच्या घरावर दगड फेकले.

काही आठवड्यांनी बेहेरे स्वतःच प्रयोगशाळेत आले. चेहरा ओढलेला होता.

“मला गिरजाबाईंची माफी मागायचीय. त्या रडत होत्या आणि मी हसलो. कसा हसलो हो मी?”

इरावतींच्या अंगावर काटा आला. त्यांनाही ते हसताना लख्ख आठवत होते. पण पहिला दिवा लाल लागला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी मूळ चित्रण शोधून काढले. पडद्यावर खाडी, गिरजाबाई आणि मान खाली घातलेले बेहेरे. त्यांनी बेहेऱ्यांना पट्टी लावली. लाल. गिरजाबाईंना, मुलांना बोलावले. लाल, लाल, लाल. शेवटी त्यांनी पट्टी स्वतःच्या कपाळाला बांधली.

लाल.

“बनावट चित्रण. नियमानुसार नष्ट होत आहे,” यंत्र म्हणाले.

“थांबव!” इरावती ओरडल्या. पडदा कोरा झाला होता.

“बरं झालं, मॅडम,” बेहेऱ्यांकडे रागाने बघत तन्वीर म्हणाला. “यांना वाचवायला कुणीतरी खोटं बनवलं होतं.”

बेहेऱ्यांनी मान डोलावली.