दोघंही हजर पाहिजेत

हे मी तुळशीपुढे बसून लिहिते आहे. इथे बसून खोटं लिहिणं मला जमायचं नाही.

कापसाची तेजी होती, त्या सालचा आश्विन महिना. सोमवार, उतरती दुपार. जागा, अमरावतीची बाजारकचेरी.

हे आणि माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ सूर्यभानजी, अकोल्यात व्यापाऱ्यांचे हिशेब तपासून देत. दोघांची मिळून एक पेढी. तेजीत खोटे तपासनीस फार झाले, म्हणून हुकूम निघाला. पेढीची नोंद दरसाल कचेरीत करायची. प्रत्येक भागीदारानं स्वतः येऊन सही करायची. मुदत त्या सोमवारपर्यंत. नाही तर पेढी बंद.

भासऱ्यांचं अकोल्याला काम अडलं होतं. यांना म्हणाले, "तू हो पुढं, चंद्रभान. काही झालं तरी मी येतोच."

आम्ही दोघं आलो. ऊन कललं.

त्यांची गाडी दिसेना.

कारकून पंजाबराव दौतीला झाकण लावत म्हणाले, "दोघंही हजर पायजेत. एकाच्या सहीनं नोंद होत नायी."

"रस्त्यात हायेत जी."

"सारेच रस्त्यात असतात, चंद्रभानजी."

बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. बैलांची घुंगरं सकाळपासून वाजत होती.

ती... थांबली.

"या दादा," हे म्हणाले. केवढा जीव भांड्यात पडला होता त्यांचा.

मी पदर पुढे ओढला. भासऱ्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही. रीतच तशी. मी त्यांना पायांवरून ओळखायची.

तेच पाय. डाव्या टाचेला तीच भेग.

पण... अनवाणी. दोन दिवसांच्या रस्त्याची धूळ नाही. नुकते धुतल्यासारखे ओले.

आणि दोन्ही अंगठ्यांवर... सुताचा वळ.

गेलेल्या माणसाचे अंगठे आपण कसे बांधतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

लेखणी कागदावर कुरकुरत होती. मी ओरडले असते तर पेढी गेली असती. मी जीभ दाताखाली धरली.

सही झाली. ते पाय कचेरीच्या ओट्यावर माझ्याजवळ येऊन थांबले.

"सुभद्रे... पाणी."

मी लोटा भरून आणला.

ओटा रिकामा होता. घुंगरं पुन्हा वाजू लागली होती.

"दादा कुठं गेले?" हे मलाच विचारून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा गाडीवान आला. मूर्तिजापुरात भासऱ्यांना जुलाब-उलट्यांची पटकी झाली. सोमवारी पहाटेच ते गेले. रात्रभर पाणी मागत होते म्हणे. पटकीत पाणी देऊ नये म्हणतात, म्हणून कोणी दिलं नाही.

गेल्यावर अंघोळ मात्र घातली.

यांनी कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. पंजाबरावांनी वही उघडून सहीवर बोट ठेवलं. "माह्यासमोर सही केली जी त्यायनं. मी कशी खोडू?"

आता दरसाल आम्ही दोघंच नोंदीला जातो. वही उघडते, तेव्हा कोऱ्या पानावर दादांची सही आधीच असते.

शाई ओली असते.

त्या दिवशी माझा कडक उपास. पहाटेच मी कचेरीच्या ओट्यावर लोटा भरून ठेवते. पदर पुढे न ओढता, उघड्या तोंडानं सांगते, "भासरेजी, पाणी ठेवलं जी."

सही होते.

लोटा मात्र... संध्याकाळी तसाच भरलेला असतो.