खालून दिलेला हात

तालमीत जाणाऱ्या माणसानं सांगितलेल्या वजनातून आधी चौथा हिस्सा वजा करावा आणि मग उरलेल्यावर विश्वास ठेवावा, असं माझं फार जुनं मत आहे. मी स्वतः ऐन उमेदीची सगळी वर्षं वजनं उचलण्यात घालवली, म्हणून बोलतो. पिळदार माणसांइतकी थापाडी जमात दुसरी नाही. जो तो उचललेल्या आकड्यात भर घालतो, प्यायलेल्या दुधात भर घालतो आणि दुखऱ्या कमरेबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. मीही त्यातलाच. सकाळची उन्हं तालमीच्या दारातून आत आली की मी मुद्दाम दाराकडे पाठ करून उभा राहायचो, कारण समोरच्या भिंतीवर माझी सावली माझ्यापेक्षा रुंद पडायची. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

पण आता जे सांगणार आहे, त्यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

मी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होतो, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारा. राहायला गडमुडशिंगीत, येणंजाणं सायकलवर. मालकांना विचारून मी उरलेल्या लोखंडातून वजनाच्या प्लेटा ओतल्या, लेथवर घासून घेतल्या आणि कारखान्याच्या काट्यावर पुन्हा पुन्हा तोलल्या. त्यामुळे आमच्या वजनं उचलायच्या लोखंडी बारवर किती वजन आहे हे मला जितकं नेमकं ठाऊक होतं, तितकं अख्ख्या कोल्हापुरात कुणाला ठाऊक नसेल.

तो बार आम्ही शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या तालमीत ठेवला होता. पंचगंगेकडे उतरणाऱ्या गल्लीत ही तालीम. दार इतकं बुटकं की कितीही मोठा पैलवान असला तरी वाकूनच आत यावं लागे. आत पायऱ्या उतरून खाली जायचं. दगडी भिंती, खिडकी नाही, भर उन्हाळ्यातही गारवा. मधोमध तांबड्या मातीचा हौदा. तेल, ताक आणि हळद घालून मळलेल्या त्या मातीचा वास घरी गेल्यावरही अंगाला राहायचा. एका कोनाड्यात मारुती आणि शेजारचा कोनाडा मोहरमात पंजा बसवण्यासाठी राखलेला.

आम्ही म्हणजे मी आणि रशीद. रशीद पिंजाऱ्याचा मुलगा. बाप लवकर गेला, आई रोशनबी दिवसभर गाद्या शिवायची आणि हा कापूस पिंजायचा. त्या कामानं त्याचे हात असे तयार झाले होते की मला त्याचा हेवा वाटायचा. उगाच लपवत नाही. मित्र असला तरी वाटायचाच. रेल्वेत खेळाडूंची भरती होणार होती आणि तिची निवड चाचणी मिरजेला फेब्रुवारीत होती. रशीद निवडला गेला असता तर पक्की नोकरी, राहायला क्वार्टर आणि रोशनबीच्या बोटांची सुईपासून सुटका. रोशनबीची नजर कमी झाली होती. सुई बोटात जायची, ती रक्त पदराला पुसून पुढचा टाका घालायची. रशीद त्याबद्दल बोलत नसे, पण एकही सकाळ चुकवत नसे.

तालमीचे वस्ताद होते पिराजी. म्हातारपणानं त्यांचे गुडघे गेले होते. वर्षानुवर्षं ते हौद्यात उतरले नव्हते. सकाळी नातू त्यांना आणून दाराजवळच्या कट्ट्यावर बसवायचा आणि ते डोळे मिटून, दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून बसून राहायचे. आमचा लोखंडी बार त्यांना पसंत नव्हता, तरी त्यांनी एका अटीवर परवानगी दिली.

"वजन टाकायचं न्हाय. हातानं ठिवायचं."

"वस्ताद, चाचणीतबी तसंच लागतंय," रशीद म्हणाला. "टाकलं तर उचल बाद."

"मग बरंच झालं की."

त्या तालमीची ही जुनी रीत होती. तिथे नाल होता, म्हणजे मधोमध मूठ कोरलेलं दगडाचं जड कडं. पोरं तो उचलून एकमेकांकडे द्यायची. ज्याला घ्यायचाय त्यानं खालून दोन्ही तळवे लावायचे. तळवे लागले की वरच्यानं सोडून द्यायचं. घेतलास का, असं विचारायचं नाही.

"खालनं हात दिला की वजन त्याचं," वस्ताद सांगायचे. "वरचा सुटला."

पहिल्यांदा मला जाणवलं ते दिवाळीच्या सुमारास. बार डोक्यावर नेईपर्यंत जीव कंठाशी यायचा, पण खाली आणताना तो हलका व्हायचा. छातीपर्यंत आला की माझ्या हातात जेमतेम निम्मं वजन उरायचं. मी त्याचं कारण शोधून काढलं. वजन उतरवताना स्नायूंची ताकद जास्त असते, हे कुणीही अनुभवून बघावं. माझं समाधान झालं.

मग बारवर डाग दिसायला लागले. बार पुसून त्याला तेल लावायचं काम माझं. आम्ही दोघंही हाताला खडूची पूड लावायचो, त्यामुळे आमच्या मुठींच्या जागी पांढरं असायचं. त्या दोन पांढऱ्या जागांच्या मध्ये, बारच्या खालच्या बाजूला, तांबडी बोटं उमटलेली असायची. खालून वर वळलेली. माती ओली असायची.

"ठेवताना तू बारला हात लावतोस काय?" मी रशीदला विचारलं.

त्यानं हातावरची खडूची पूड झटकली. "मी? मला वाटलं तूच लावतोस. म्हणून तर मी बोललो न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी बार डोक्यावर नेला, छातीपर्यंत आणला आणि बोटं उघडली. बोटं मोडली असती, पायावर पडला असता तर पाऊल गेलं असतं. पण मला बघायचंच होतं.

बार पडला नाही. माझ्या उघड्या हातांपासून सुटून तो सावकाश, एका पातळीत खाली गेला आणि मातीवर टेकला. आवाज आला नाही. जत्रेत पालखी टेकवतात तसा टेकला.

मी कट्ट्याकडे बघितलं. वस्तादांचे डोळे मिटलेलेच होते. मांडीवर उताणे ठेवलेल्या हातांच्या शिरा टरारून फुगल्या होत्या आणि कपाळावरून घाम निथळत होता. मग त्यांनी तळवे पालथे केले, श्वास सोडला, आणि शेजारच्या बालदीत हात धुतले. रोज धुवायचे. मातीला हात न लावणारा माणूस रोज हात कशाला धुतो, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. मी जवळ जाऊन बालदीत डोकावलो. पाणी तांबडं होतं.

मला भीती वाटली असं म्हणणं खोटं होईल. मला एकदम रडू आल्यासारखं झालं. लहानपणी आजारात आईनं रात्रभर पाठीला हात लावून धरलं होतं आणि ते मला सकाळी कळलं होतं, तसं काहीतरी. मी मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि कामावर गेलो.

पण माझं डोकं गप्प बसणारं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत फौंड्रीच्या आवारात मी तशाच एका बारवर तेवढंच वजन चढवून उचललं. उतरवताना ते असं कोसळलं की माझा खांदा निखळता निखळता राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्हाला उचलता येत होतं, ठेवता येत नव्हतं. ते आम्ही कधी केलंच नव्हतं.

चाचणी तोंडावर आली होती. मी रशीदला आवारात बोलावून त्याच्याकडून सराव करून घेतला. प्रत्येक वेळी बार त्याच्या हातून सुटून आदळला. शेवटी तो बाकड्यावर बसला आणि तळहात बघत राहिला.

"आईला काय सांगू?" एवढंच म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही वस्तादांसमोर उभे राहिलो.

"वस्ताद, मिरजेला चला की," मी म्हणालो. "मोटारीची सोय करतो."

"माझं पाय चालत न्हाईत, पोरा."

"तिथं मला ठिवायला जमंल का न्हाय, काय सांगता येत न्हाय," रशीद म्हणाला.

वस्तादांनी मांडीवरच्या आपल्या तळव्यांकडे बघितलं. "लांब हाय मिरज," ते म्हणाले. "बघू."

मिरजेचा हॉल गजबजलेला होता. लाकडी फळ्यांचा मंच, तीन पंच, समोर खुर्च्यांवर रेल्वेचे साहेब. शेवटचा प्रकार असा होता की आधी बार खांद्यावर घ्यायचा, मग डोक्यावर, आणि पंचांनी खूण केली की हातानं खाली ठेवायचा. तीन संधी.

रशीदनं पहिली उचल सहज डोक्यावर नेली. खूण झाली. बार त्याच्या मांडीवर आपटून फळ्यांवर कोसळला. बाद.

दुसरीही तशीच. आता तो लंगडत होता. एक साहेब घड्याळ बघत होते.

तिसऱ्या वेळी तो मंचावर चढला तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? बार खांद्यावर आला. डोक्यावर गेला. त्याच्या मानेच्या शिरा मला शेवटच्या रांगेतून दिसत होत्या. पंचांचा हात खाली आला.

रशीदनं डोळे मिटले.

मी त्याची बोटं बघत होतो. ती उघडली, पण तळवे बारसोबतच खाली आले.

बार खाली आला. सावकाश, एका पातळीत. फळ्यांवर टेकला. घड्याळ बघणाऱ्या साहेबांनी मान वर केली.

"याला म्हणतात ताबा," एक पंच म्हणाले.

रशीदची निवड झाली. लोक त्याच्या गळ्यात हार घालत होते, पाठीवर थापा मारत होते. मी मंचावर जाऊन बार पुसायचं निमित्त केलं. खालच्या बाजूला, मधोमध, ओली तांबडी माती होती.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही कोल्हापूरला आलो. रशीदच्या गळ्यातला हार अजून तसाच होता. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी दिसली, तेव्हा त्यानं तो काढून खिशात कोंबला.

वस्ताद दुपारी गेले होते. कट्ट्यावर बसल्या बसल्याच. घरच्यांनी त्यांना आत हौद्याशेजारी सतरंजीवर ठेवलं होतं. त्यांचे दोन्ही हात छातीच्या वर, कोपरात वाकून, तळवे आभाळाकडे करून तसेच राहिले होते. दोघा-तिघांनी खाली दाबून बघितले होते. हलत नव्हते.

"असं तिरडीवर कसं बांधायचं त्यास्नी?" त्यांची सून तानाबाई म्हणाली. "तुमी त्येंची पोरं. तुमीच बघा."

मेलेल्या माणसाचं शरीर ताठतं हे मला माहीत आहे. मी तसं सांगणारही होतो.

तोवर रशीद गुडघ्यावर बसला होता. त्यानं वस्तादांच्या हातांखाली आपले दोन्ही तळवे लावले.

त्याच क्षणी ते हात सैल पडले. आणि रशीदच्या मानेच्या शिरा फुगल्या. दुपारी मिरजेत फुगल्या होत्या तशाच. मी त्याला वर्षभर रोज उचलताना बघितलं होतं. ओझ्याखालचा त्याचा चेहरा मला पाठ होता. तो सोंग करत नव्हता.

"जड हाय," तो माझ्याकडे न बघता पुटपुटला. "लई जड हाय, ज्ञान्या."

मी पुढे झालो.

"तू हात लावू नगंस," तो म्हणाला.

त्यानं ते हात हळूहळू खाली आणले आणि सतरंजीवर ठेवले. आवाज आला नाही. मग तो उठून बालदीपाशी गेला.

रशीदला हुबळीला नेमणूक मिळाली. रोशनबीनं सुई ठेवून दिली आणि मुलाकडे राहायला गेली. मी बरेच दिवस बारला हात लावला नाही. एका सकाळी अगदी हलकं वजन घेऊन बघितलं. उतरवताना कुणीतरी घेतलं. पूर्वीसारखंच, फक्त पूर्वीपेक्षा जरा लवकर, तरुण माणूस घेतो तसं.

पुढे काही वर्षांनी मोहरमात दोघं मायलेकं गावी आली. ती आल्याचं कळताच मी भेटायला गेलो. पिशव्यासुद्धा अजून सोडलेल्या नव्हत्या. रशीदनं वजनं उचलणं कधीच सोडलं होतं. पार्सल ऑफिसात काम करायचा. चहा पिऊन झाल्यावर त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. उताणे.

"सकाळची ड्यूटी घेत न्हाय मी," तो म्हणाला. "साहेबाला सांगितलंय. सकाळी हात रिकामं पायजेत."

रोशनबी आमच्याकडे पाठ करून भांडी विसळत होती.

"तरास व्हतोय?" मी विचारलं.

"न्हाय." तो थोडं हसला. "तरास न्हाय. मान हाय त्यो. पर तू ह्या सोमवारपास्नं वजन वाढवलंयस."

सोमवारी मी नव्या ओतलेल्या दोन प्लेटा चढवल्या होत्या. त्या वेळी तालमीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"डावीकडची उजवीपेक्षा भारी हाय," रशीद म्हणाला. "माझं मनगट भरून येतंय. तेवढी तोलून घे."

कामाच्या गडबडीत तोलायच्या राहिल्या होत्या हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही प्लेटा सायकलला बांधून कारखान्यात नेल्या आणि काट्यावर ठेवल्या. डावी भारी होती.